जुन्या जीपची नवी बांधणी : आधी कागद, मग चासीस

भिवंडीचे नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांसमोर यंत्रमाग येतो, गोदाम येते आणि आग्रा रोडवरची ट्रकांची रांग येते. या तिन्हींच्या आधाराने येथे आणखी एक धंदा वाढला, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मागाचे बुश, शाफ्ट आणि दाते करून देणारे लेथवाले, ट्रकची बॉडी बांधणारे, कमानीचे पाटे ठोकणारे, वेल्डर, डेंटर, पेंटर. मोटारीचा कुठलाही भाग हातात द्या, तसाच दुसरा घडवून देणारा माणूस अंजूर फाटा ते वंजारपट्टी नाका या टापूत सापडतोच. गेल्या काही वर्षांत बरेच माग भंगारात गेले आणि यातल्या अनेकांच्या हातांना काम कमी पडू लागले.

नेमक्या याच काळात एक नवे गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभे राहू लागले आहे. ठाण्या-मुंबईचा नोकरदार तरुण, एखादा डॉक्टर, एखादा बिल्डर. त्याने कोठून तरी जुनी जीप मिळवलेली असते. ती त्याला नव्याने बांधून हवी असते. चिखलात, नदीपात्रात, डोंगरउतारावर चालेल अशी. याला ते ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात. वाडा रोडवर रोज ये-जा करणाऱ्या आमच्यासारख्यांना या शब्दाचे हसू येते, कारण त्यासाठी रानात जाण्याची गरज आम्हाला कधी वाटली नाही. पण हौसेला मोल नसते, आणि हौस करणारा मजुरी रोख देतो.

आम्ही दोघे भाऊ वडिलांच्या वेळचे लहानसे गॅरेज चालवतो. वडिलांच्या काळात शहापूर, वाडा, जव्हारकडे माणसे वाहणाऱ्या जीपा आमच्याकडे दुरुस्तीला येत. नऊ माणसांच्या जागी सोळा बसवून त्या पळत, आणि पाटे तुटले की आमच्या दारात येत. त्यामुळे जीप आम्हाला नवी नव्हती. तरीही या नव्या कामात आम्ही दोन मोठ्या चुका केल्या. एक कागदाची, एक ब्रेकची. आपल्यातले बरेच कारागीर या कामाकडे वळत आहेत, म्हणून त्या चुकांसकट सगळे येथे मांडत आहोत.

जीप आली कोठून

जीप हे दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य. अमेरिकेच्या लष्करासाठी विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लाखोंनी बनवली. आपल्याकडे तिचा संसार थाटला तो महिंद्रांनी. या कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. १९४५ साली लुधियान्यात जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत ती काढली. धंदा पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इकडे कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ करण्यात आले. आद्याक्षरे मात्र तीच राहिली.

आज गॅरेजमध्ये येणाऱ्या जीपांचे साधारण तीन-चार प्रकार असतात. पहिली युद्धकाळातली, बसक्या बॉनेटची. ही दुर्मिळ. दुसरी उंच बॉनेटची सी.जे. ३-बी. हिचे बॉनेट उंच का, तर आतले ‘हरिकेन’ इंजिन उंच आहे म्हणून. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. तिसरा प्रकार डिझेलचा. त्यात एम.एम. ५४० सर्वांत जास्त येते, पुजोचे २११२ सी.सी. इंजिन असलेली. चौथी म्हणजे मारुतीची जिप्सी. ती १९८५ च्या अखेरीस ९७० सी.सी. इंजिनासह आली, १९९६ मध्ये तिला १३०० चे इंजिन मिळाले, आणि २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी ती बंद झाली. क्वचित एखादा जबलपूरचा जोंगा येतो. तो आला की आम्ही आधी विचारतो, “सुटे भाग कोठून आणणार आहात?” उत्तर नसेल तर काम घेत नाही. महिंद्राच्या जीपचे तसे नाही. तिचा बहुतेक माल कुर्ल्याच्या बाजारात नवा किंवा जुना मिळतो, आणि जो मिळत नाही तो आपला लेथवाला करून देतो.

पहिली चूक

काही वर्षांपूर्वी एक तरुण उत्तरेकडून आणलेली जीप घेऊन आला. हरियाणातील मंडी डबवाली आणि पंजाबातील काही गावे अशा बांधलेल्या जीपांसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. लष्कराच्या लिलावातला माल, जुने भाग, नवा पत्रा, रुंद चाके, झळझळीत रंग. तेथे चांगले कारागीर आहेत, यात शंका नाही. पण फोटो पाहून पैसे भरणाऱ्याला कागद दिसत नाहीत. या मुलाकडे आर.सी. बुकाची झेरॉक्स होती, “मूळ प्रत येते आहे” असे त्याला सांगितलेले होते. आम्ही विश्वास ठेवला. थोडी उचल घेतली, बाकी माल आमच्या उधारीवर आणला आणि इंजिन उघडले.

दोन महिन्यांनी चासीस साफ करताना पुढच्या डाव्या बाजूचा नंबर पाहिला. ती जागा घासून तिथे नवे आकडे ठोकलेले होते. आकड्यांच्या ओळीला वाक होता, कंपनीचा ठसा असा नसतो. बुकातला नंबर एका जीपचा, चासीस दुसऱ्या जीपचे. विकणाऱ्याने फोन घेणे बंद केले. त्या मुलाने कर्ज काढलेले होते. आम्ही मजुरी सोडून दिली, पण मालाची उधारी आम्हालाच फेडावी लागली, आणि ते इंजिन ताडपत्रीखाली अजूनही आमच्या गॅरेजच्या मागे पडून आहे. गाडीबद्दल लेखी खुलासा पोलीस ठाण्यात द्यावा लागला तो वेगळाच.

तेव्हापासून नियम केला. पाना हातात घेण्याआधी चासीस नंबरचा पेन्सिलने ठसा काढायचा आणि तो मूळ आर.सी.शी ताडायचा. इंजिन नंबरही ताडायचा. सरकारच्या ‘वाहन’ नोंदीत गाडी दिसते का, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, कर भरलेला आहे का, हे पाहायचे. परराज्यातली गाडी असेल तर तेथील ना-हरकत दाखला हवा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ आणि २०१८ मध्ये न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय यांचे निर्बंध आले, त्यानंतर तिकडच्या जुन्या गाड्या मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. त्यातल्या काही चांगल्या आहेत, काही नुसत्या स्वस्त आहेत.

आता कायद्याचे. हा भाग रुक्ष आहे, पण याच्यावाचून पुढचे सगळे व्यर्थ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, गाडीत असा बदल करता येत नाही की आर.सी.तील तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. रंग बदलणे, किरकोळ जोडकाम करणे चालेल. गाडीची मूळ रचना बदलणे चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे रु. ५,००० दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. इंजिन बदलले तर ते १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे लागते. पुढे लावायचे लोखंडी बुल-बारदेखील २०१७ च्या अखेरीस केंद्राने बेकायदा ठरवले, कारण ते पादचाऱ्याला जीवघेणे ठरतात.

मग हा धंदा करायचाच नाही काय? तसे नाही. काम दोन प्रकारचे आहे हे समजून घेतले पाहिजे. एक जीप रस्त्यावर चालणारी. तिच्यात इंजिन, गिअर, ब्रेक, चासीस, पत्रा सर्व मूळ मापाने नवे करता येते, आणि खरे सांगायचे तर चांगल्या अवस्थेतली मूळ जीप नवख्या चालकाला पुरून उरते. दुसरी जीप केवळ मैदानाची. मोठी चाके, उचललेली बॉडी, पाइपांचा पिंजरा. ती ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवून बंदिस्त मैदानात न्यायची आणि तशीच परत आणायची. गिऱ्हाइकाला यातली कोणती हवी हे पहिल्याच दिवशी विचारावे. “दोन्ही एकात करून द्या, आर.टी.ओ.चे मी बघतो” असे जो म्हणतो, त्याला आम्ही चहा पाजून परत पाठवतो. अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर तो ‘बघणारा’ माणूस प्रथम आपले नाव सांगतो.

जुन्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, आणि त्यापुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी रु. ६०० वरून रु. ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारीसाठी ती रु. १०,००० झाली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. प्रवासी वाहतुकीची जीप असेल तर परमिट रद्द करून खासगी नोंद करणे हे आणखी एक काम. हे सर्व अंदाजपत्रकात आधीच लिहावे.

एक मुद्दा फार थोड्या मालकांना माहीत असतो. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी रु. २०,०००, आणि नंबरात ‘व्ही.ए.’ अक्षरे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासीस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच रस्त्यावर येते. तेव्हा कोणी १९६०-७० ची धड सी.जे. घेऊन आला आणि तिला कापून मोठी चाके लावा म्हणू लागला, तर त्याला थांबवावे. आपली मजुरी बुडेल, पण ती जीप पुन्हा तशी होणार नाही.

चासीस आणि पाटे

कागद बरोबर निघाले की बॉडी उतरवावी. बॉडी न उतरवता केलेली बांधणी म्हणजे ओल्या भिंतीला रंग. जीपचे चासीस शिडीसारखे असते. दोन लांब बीम आणि त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या. गंज धरतो तो तीन ठिकाणी: मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी, गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीत, आणि जेथे बॉडीचे रबर बसते तेथे. लहान हातोडीने ठोकत जावे. चांगले लोखंड टणटण वाजते, सडलेले भदभद. नंतर सुताने दोन्ही कर्ण मोजावेत. फरक निघाला तर चासीस तिरके आहे, आणि ते सरळ होईपर्यंत पुढे काहीही करू नये.

भेग असेल तर तिच्या टोकाला आधी भोक पाडावे, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग वेल्डिंग, मग वरून पट्टी. पट्टीची टोके सरळ उभी न ठेवता तिरकी कापावीत. सरळ शिवण टाकली तर पुढची भेग नेमकी त्या शिवणीच्या कडेने जाते. ट्रकवाल्यांना हे सांगावे लागत नाही, पण मोटारीचे काम करणारी मुले येथे चुकतात.

आता उंचीचा प्रश्न. प्रत्येक गिऱ्हाइकाला जीप उंच हवी असते. त्याला कागदावर चित्र काढून दाखवावे. डोंगरात दगड लागतो तो बॉडीला नव्हे, ॲक्सलच्या मधल्या गोळ्याला, डिफरन्शियलला. पाटे वाढवून बॉडी तीन इंच वर नेली तरी तो गोळा जागच्या जागीच राहतो, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर आहे. तो वर न्यायचा तर चाकच मोठे हवे, आणि चाकाचा व्यास अडीच इंच वाढला तर गोळा फक्त सव्वा इंच उचलला जातो. उंच बॉडीचा फायदा एवढाच की मोठे चाक आत मावते आणि चढ लागताना नाक टेकत नाही. त्याबदल्यात गाडीचा भार वर जातो आणि कलंडण्याचा धोका वाढतो.

जुन्या जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली असतात. काही जण ते वर घेतात, म्हणजे गाडी एकदम पाच-सहा इंच उठते. काम स्वस्त आहे आणि दिसायला झोकदार आहे. पण मग प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस लवकर जातात, स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो आणि खड्ड्यात चाक आपसूक वळते. लांब शॅकल लावल्यानेही पुढचा ॲक्सल फिरतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटते. उंची वाढवायचीच असेल तर थोडी वाढवावी, आणि शाफ्ट, क्रॉस, स्टिअरिंग यांचा खर्च त्याच दिवशी सांगावा.

गिअरचा हिशेब

जीपची खरी ताकद इंजिनात नाही, गिअरमध्ये आहे. युद्धकाळातल्या जीपचे इंजिन अवघे ६० अश्वशक्तीचे होते. आजच्या लहान मोटारीलाही त्याहून जास्त असते. तरी ती चढते कशी? जुन्या सी.जे. जीपचे आकडे घेऊ. पहिला गिअर सुमारे २.८, ट्रान्सफर केसचा ‘लो’ २.४३, डिफरन्शियल ५.३८. गुणाकार केला तर ३६.६. म्हणजे इंजिनाचे ३६ हून जास्त फेरे झाले की चाकाचा एक फेरा. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर हळू चालत असेल तर गाडी तासाला सव्वादोन किलोमीटरने सरकते. चालत्या माणसाच्या निम्म्या वेगाने. ॲक्सिलरेटरला पाय न लावता ती दगडावरून जाते, आणि उताराला ब्रेक न लावता उतरते.

या जीपचे मूळ चाक साधारण साडेअठ्ठावीस इंचांचे. तेथे ३३ इंची चाक घातले तर ३६.६ चे प्रत्यक्षात ३१.६ होतात. ताकद सुमारे चौदा टक्के गेली. शिवाय स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो, काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५८ ने पळत असते. मालक म्हणतो, “इंजिन कमजोर झाले, मोठे बसवा.” मोठे इंजिन बसवले की गिअरबॉक्स फुटतो, गिअरबॉक्स मोठा केला की ॲक्सल तुटतो, आणि आर.सी. तर आधीच गेलेली असते. हे दुष्टचक्र आम्ही दोन गाड्यांत पाहिले. दोन्ही वेळा सुरुवात चाकापासून झाली होती.

आणखी एक गोष्ट मालकाला तोंडी नव्हे, लिहून द्यावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या जीपांत पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. चिखलात चाक घसरून तो फरक सोसते. डांबरावर तो ताण दात्यांवर येतो.

दुसरी चूक

कागदाच्या चुकीत पैसे गेले. ब्रेकच्या चुकीत जीव गेला असता.

ती गाडी आम्ही मनापासून बांधली होती. इंजिन बोअर करून नवे पिस्टन, सर्व क्रॉस नवे, पत्रा उत्तम. मालकाच्या आग्रहास्तव चाके मोठी. ब्रेक मात्र मूळचेच ठेवले, फक्त लायनर आणि रबरे बदलली. कसारा घाट उतरताना मधल्या वळणावर पेडल खाली गेले. मालकाने गिअर खाली मारला, गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली आणि उभी राहिली. कोणाला खरचटलेदेखील नाही. त्याने आम्हाला एक शब्दही वाकडा बोलला नाही, आणि त्याचेच आम्हाला जास्त लागले.

गाडी परत आणून पाहिली तेव्हा कारण समजले. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर एकाच खान्याचा असतो. चारही चाकांना तेल एकाच वाटेने जाते. कोठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. मागच्या चाकाची जुनी नळी, गंज लागलेली, मोठ्या चाकाच्या कडेला घासून फुटली होती. त्यात आधीच, वर सांगितलेल्या त्याच चौदा टक्क्यांनी ब्रेकची पकड कमी झालेली होती, कारण चाक जितके मोठे तितका ड्रमला त्याला अडवायला जोर जास्त लागतो. लांब उतारावर ड्रम तापले की उरलेली पकडही पातळ होते.

आता आमच्याकडे दोन खान्यांचा मास्टर सिलिंडर बसवल्याशिवाय जीप बाहेर जात नाही. पुढची जोडी वेगळी, मागची वेगळी, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते. सर्व नळ्या नव्या, क्लिपांनी बांधलेल्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि एक चाक जॅकवर उचलून पाहायचे की नळी कोठे घासते का. हँडब्रेकवर गाडी चढावर उभी राहिली पाहिजे. जो मालक या खर्चाला नाही म्हणतो, त्याची जीप आम्ही रंगापुरतीसुद्धा घेत नाही.

पाणी

आपल्या भागात हौशी लोकांना पाण्यात घुसायची फार आवड. तानसा, वैतरणा, भातसाचा हा मुलूख, पावसाळ्यात प्रत्येक ओढा आव्हान देतो. येथे एक लहानसा भाग मोठे नुकसान करतो. ॲक्सलच्या हौसिंगवर हवा जाण्यासाठी छोटा ब्रीदर असतो. धावून तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढले जाते. आतल्या तेलाचा दुधाळ चहा होतो, आणि महिन्याभरात बेअरिंग गुरगुरू लागते. उपाय साधा आहे. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्यावी. खर्च किरकोळ. पाण्यातून आल्यावर दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे तेल सोडून पाहावे.

इंजिनात पाणी गेले तर प्रकरण मोठे. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात दाब जास्त म्हणून नुकसानही जास्त. पाण्यात बंद पडलेली गाडी तेथेच सेल्फ मारून पाहणे ही सर्वांत महाग चूक. ती ओढून बाहेर काढावी, नोझल उघडावेत, हाताने फिरवून पाणी बाहेर टाकावे, मगच सुरू करावी. उंच नळकांडे लावले म्हणजे गाडी पाणबुडी झाली, असा काहींचा समज असतो. त्या नळकांड्याचा प्रत्येक जोड हवाबंद नसेल तर ते शोभेचे. आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू पाहणाऱ्यांबद्दल काय बोलावे? भरतीत अडकलेल्या गाड्यांची चित्रे दरवर्षी वर्तमानपत्रात येतात. खाऱ्या पाण्यात बुडालेली जीप आम्ही एकदा घेतली होती. सहा महिन्यांत वायरिंग हिरवे पडले आणि चासीसच्या आत गंज शिरला.

दोरी, हूक आणि पिंजरा

अडकलेली गाडी ओढताना माणसे जखमी होतात. हूक चासीसला बोल्टने पक्का बसवलेला असावा, बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला दोरी बांधू नये. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. विंचची तार ताणलेली असताना तिच्यावर जाड गोणपाट किंवा ओले पोते टाकावे, म्हणजे तुटली तरी ती उसळत नाही. बघ्यांना तारेच्या लांबीइतके दूर उभे करावे. पिंजऱ्याचा पाइप चांगल्या जाडीचा, शक्यतो बिनशिवणीचा घ्यावा आणि त्याचे पाय चासीसला धरावेत. नुसत्या पत्र्याला जोडलेला पिंजरा गाडी उलटली की पत्रा फाडून आत येतो. पट्टा न बांधता पिंजऱ्यात बसणे तर आणखी धोक्याचे, कारण डोके त्याच पाइपवर आपटते.

बहुतेक वेळा दोरीची वेळच येत नाही, जर चाकातली हवा कमी केली तर. ३० पौंडांची १५-१८ वर आणली की चाक पसरते आणि चिखल-वाळूत पकड दुप्पट वाटते. रस्त्यावर येण्याआधी मात्र ती पुन्हा भरलीच पाहिजे. हाताचा हवेचा पंप सोबत द्यावा. हे तंत्र फुकटचे आहे, म्हणून कोणी सांगत नाही.

चालवायचे कोठे, हेही मालक विचारतात. तानसाचे रान अभयारण्य आहे. तेथे गाडी घातली तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो, आणि गाडी जप्त होऊ शकते. शेतकऱ्याच्या खाचरात, बांधावर गाडी घालणे हा तर उघड अन्याय. आपल्याच महामार्गावर पुढे इगतपुरीला महिंद्राने ऑफ-रोड चालवण्याचे शिक्षण देणारे मैदान केले आहे. गोव्यात २०१४ पासून भर पावसात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ स्पर्धा सुरू झाली. आमच्या एका शागिर्दाला तेथे एका संघाबरोबर मिस्त्री म्हणून जायला मिळाले. आठवडाभर चिखलात राहून तो परत आला तेव्हा ॲक्सल बदलण्याचे काम तो अंधारात, बॅटरी तोंडात धरून करू शकत होता.

मजुरीचा हिशेब

या धंद्यात तोटा होतो तो बहुधा ठोक भाव सांगितल्याने. जुनी जीप उघडेपर्यंत आत काय आहे ते देवालाच ठाऊक. आम्ही आता तीन टप्प्यांत भाव देतो. पहिला टप्पा उघडून तपासण्याचा. त्याची मजुरी वेगळी घेतो, आणि मालकाला यादी व फोटो देतो. ती घेऊन तो दुसऱ्या गॅरेजात गेला तरी चालेल. दुसरा टप्पा चासीस, ॲक्सल, ब्रेक, स्टिअरिंग. तिसरा इंजिन, पत्रा, रंग. प्रत्येक टप्प्याचा माल मालकाच्या पैशाने येतो. आपल्या उधारीवर कधीही नाही. काढलेला जुना भाग मालकाला परत दाखवायचा, मग भंगारात टाकायचा. आणि रंग सर्वांत शेवटी, कारण रंग झाला की मालकाला वाटते गाडी झाली, आणि ब्रेकसाठी त्याचा खिसा उघडत नाही.

मुदत सांगताना मोठी सांगावी. तीन महिने सांगून सात लागले, असे आमच्याकडे दोनदा झाले. सांगितलेल्या दिवसापेक्षा आधी गाडी मिळाल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

मालकाशी आणखी एक गोष्ट उघड बोलावी. २०१० मध्ये थार आली, २०२० मध्ये नवी थार आली. जुन्या जीपची पूर्ण बांधणी आणि वापरलेली थार यांच्या किमती कित्येकदा जवळजवळ येतात. ज्याला केवळ डोंगरात जायचे आहे, त्याला आम्ही वापरलेली थार घे म्हणून सांगतो. ज्याच्या वडिलांनी ती जीप चालवली होती, किंवा ज्याला लोखंडाचीच आवड आहे, तोच राहतो. असा मालक घासाघीस कमी करतो आणि दर रविवारी येऊन बसतो. तो कामात लुडबुड करतो खरा, पण पुढची दोन गिऱ्हाइकेही तोच आणतो.

गाडी दिल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ती परत बोलवावी. नवे पाटे बसतात, त्यांचे यू-बोल्ट ढिले होतात. ते पुन्हा आवळावेत, चाकांची बेअरिंगे पाहावीत, शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस द्यावे, इंजिनाचे पहिले तेल काढून टाकावे. या कामाची मजुरी आम्ही घेत नाही. शुक्रवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी आणली तर दुपारपर्यंत गाडी परत मिळते.